जिथे कागद रिकामा आहे

वार्सीबाईंच्या, आमच्या भाषेत बू वार्सींच्या, हाती निरोप देऊ नये, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या जावातल्या सोलो शहरात माणसं नकारसुद्धा इतका गोड करून देतात की ऐकणारा घरी पोचल्यावर त्याला कळतं, अरे, आपल्याला नाही म्हणाले. बू वार्सींना ती कला कधी जमलीच नाही. एकदा पलीकडच्या घरातल्या बाईंनी मुलीला आलेलं स्थळ नाकारायला त्यांना पाठवलं. सांगायचं एवढंच होतं की आमची पोर अजून अल्लड आहे. पण चहा देता देता त्या बाई मनातलं बोलून बसल्या होत्या. बू वार्सी गेल्या, मुलाकडच्यांच्या चटईवर नीट बसल्या आणि म्हणाल्या, "त्या म्हणाल्या, मुलगा बरा आहे हो, पण त्याची आई म्हणजे मिरच्यांचं पोतं. मग त्या शिंकल्या. मग म्हणाल्या, तिच्या घरात आमची पोर सहा महिन्यांत वाळून जाईल."

दोन घरांचं येणं-जाणं दोन वर्षं बंद होतं. मी कपाळाला हात लावून विचारलं, "अहो बू, निदान शिंक तरी गाळायची."

"शिंकल्या होत्या ना त्या," बू वार्सी म्हणाल्या. त्यांना माझा प्रश्नच कळला नव्हता.

याच गुणामुळे त्यांची पहिली नोकरी गेली. एका वकिलाकडे त्या टाइप करायला होत्या. वकील तोंडी मजकूर सांगायचा आणि मध्येच पक्षकाराला शिव्या घालायचा. बू वार्सींनी शिव्यांसकट करारपत्र करून दिलं, तेही तीन प्रतींत. मग त्या आमच्याकडे आल्या. विद्यापीठाच्या मागच्या रस्त्यावर आमचं दुकान आहे. मुलांचे प्रबंध टाइप करायचे, छापायचे, बांधायचे. टाइप करणं त्यांचं, बांधणं माझं. मी जुमादी, त्यांच्या तोंडी मास, म्हणजे दादा, पुठ्ठा-खळ-सुई-दोरावाला. शेजारी शेजारी बसून आम्ही एकोणीस वर्षं एकाच पंख्याचा वारा खाल्ला आणि रोज एकदा तरी भांडलो.

दुकानाच्या वरच्या खोलीत गणिताचा एक विद्यार्थी राहायचा. आपला प्रबंध दुसऱ्याकडून टाइप करून घेताना तो इतका वैतागला की शेवटी त्याने बू वार्सींना गणितवाल्यांचा अक्षरजुळणीचा प्रोग्राम शिकवला आणि मोकळा झाला. त्या प्रोग्रामात लिहिताना पान दिसतच नाही. सगळं साधं टाइप करायचं, मध्ये मध्ये आज्ञा पेरायच्या, इथे मथळा, इथे तिरकी अक्षरं, इथे समीकरण, आणि मग म्हणायचं, कर आता. मग यंत्र पान जुळवून देतं. त्याची स्वतःची शिस्त असते. दोन शब्दांमध्ये तुम्ही दहा वेळा जागा सोडलीत तरी ते एकच जागा ठेवतं. पाच ओळी कोऱ्या सोडल्यात तर ते समजतं, इथे परिच्छेद संपला, बाकी काही नाही. ओळींची दोन्ही टोकं सरळ रेषेत आणतं. मला ती पानं फार आवडायची. बांधायला घेतली की हातात सुबक बसायची.

त्या प्रोग्रामात एक वेगळा कप्पाही आहे. कप्पा उघडायची एक आज्ञा, बंद करायची एक आज्ञा. मधे जे टाइप कराल ते जसंच्या तसं छापून येतं, जागेला जागा, ओळीला ओळ. तिथे यंत्र हाताची घडी घालून बसतं. त्या कप्प्यात दुसरी आज्ञा दिलीत तर ती पाळत नाही, ती आज्ञाच कागदावर छापून मोकळं होतं. संगणक शिकणाऱ्या मुलांना आपले प्रोग्राम छापायला हा कप्पा लागतो. बू वार्सींचा सगळ्यात आवडता तोच. दुपारी कळांचा आवाज हळू झाला, त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात जरासं हसू दिसलं, की मी समजायचो, बाई कप्प्यात गेल्या.

"इथे माझ्यावर कुणी शहाणपणा करत नाही, मास," त्या म्हणायच्या.

"इथली अक्षरं किती ओबडधोबड दिसतात ते बघा आधी."

"दिसू देत. आहेत तशी आहेत."

त्या वर्षी पावसाळा संपून बरेच महिने झाले होते. दुपारी गल्लीतला धुरळा उडायचा आणि तसाच हवेत तरंगत राहायचा, खाली बसायचं विसरल्यासारखा. अशाच एका दुपारी पाक हेंद्रार्तो म्बाह तुगिमानना हाताला धरून घेऊन आले. पाक म्हणजे साहेब; हे संगीताच्या एका संस्थेत शिकवतात. इस्त्रीचा बाटिकचा सदरा, खिशात तीन पेनं, बोलणं अतिशय मऊ. म्बाह तुगिमान, सगळ्यांचे आजोबा, म्हणजे आमच्या वॉर्डाच्या गामेलानचे, पितळी वाद्यांच्या मेळाचे, ढोलकीवाले. हयात गेली वॉर्डाच्या कचेरीत कारकुनी करण्यात, आणि तीस वर्षं आमच्या गल्लीतल्या बायकांच्या वाद्यमेळाला ताल देण्यात. त्या मेळात लय ढोलकीच्या हातात असते. कुठे धावायचं, कुठे रेंगाळायचं, शेवटची घंटा किती उशिरा पडायची, सगळं ढोलकी ठरवते. आदल्या वर्षी म्हाताऱ्याला झटका आला आणि डावा हात गेला. तोंडही एका बाजूला ओढलं गेलं.

त्यांच्या काखेत एक गठ्ठा होता. कचेरीतलं जुनं टाइपरायटर निवृत्तीच्या वेळी त्यांना मिळालं होतं. त्यावर त्यांनी अकरा वर्षं दोन बोटांनी आपल्याला येत होतं ते सगळं टाइप केलं होतं. आमचं संगीत आकड्यांत लिहितात, एक, दोन, तीन, पाच, सहा. स्वर धरून ठेवायचा असेल तिथे टिंब. एकशे चाळीस पानं आकडे आणि टिंबं.

"आमची संस्था याचं पुस्तक काढतेय," पाक हेंद्रार्तो म्हणाले. "बू, चार-चार आकड्यांचे गट ठेवा. सगळ्या पुस्तकांत तसंच असतं. म्बाहचं मशीन जुनं, जागा जरा इकडेतिकडे झाल्यात. तुमचा प्रोग्राम करेलच सरळ."

म्बाह तुगिमाननी गठ्ठा टेबलावर ठेवून त्यावर एकदा हात फिरवला.

बू वार्सींनी महिनाभर ते आकडे टाइप केले. सवयीप्रमाणे त्यांनी जागेला जागा टाइप केली. म्हाताऱ्याने पाच वेळा पट्टी दाबली असेल तर यांनीही पाच वेळा दाबली. यंत्राने त्या पाचांची एकच जागा करून टाकली. पानं छापून आली तेव्हा मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. आकडे शिस्तीत चालले होते. मी निळ्या रेक्झिनची बांधणी केली, वर सोनेरी अक्षरं उमटवली. माझ्या हातून इतकं देखणं काम बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

म्बाह तुगिमान पुस्तक बघायला आले तेव्हा नेमका मी मागे खळ शिजवत होतो. येऊन बघतो तर ते गेलेले, आणि पुस्तक टेबलावरच.

"नेलं नाही?"

"म्हणाले, इथेच असू दे, घरी वाळवी आहे."

"आणि पुस्तकाबद्दल काय म्हणाले?"

"म्हणाले..." बू वार्सींनी खुर्ची सरळ केली. कुणाचं बोलणं सांगायचं असलं की त्या नेहमी अशा बसत. "छान."

मग त्या गप्प झाल्या. पंखा फिरत होता. मीटबॉलचं सूप विकणारा वाडग्यावर चमचा वाजवत गल्लीच्या एका टोकाने आला आणि दुसऱ्या टोकाला पोचला. मला वाटलं, बाईंना डुलकी लागली.

"फार नीटनेटकं झालंय," त्या म्हणाल्या. आणि तोंड तसंच उघडं ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. "मास, एवढा वेळ ते गप्प बसले होते."

"म्हातारी माणसं बसतातच."

"छान म्हणाले, ते मी ऐकलं. छान म्हटलं म्हणजे छान, असं धरून चालले." त्यांचा आवाज उतरला होता. "गप्प बसले होते त्याचं काय?"

सोलोत वाढलेल्या माणसाला हे पाळण्यातच कळतं. तोंडभर कौतुक करून वस्तू तुमच्याच घरी ठेवून गेला म्हणजे त्याला ती नको आहे. मी समोर असतो तर तिथल्या तिथे ओळखलं असतं. एकोणीस वर्षांत मला पहिल्यांदाच बाईंची दया आली, आणि मी ती दाखवली नाही.

त्यांनी म्बाहचा मूळ गठ्ठा उघडला आणि माझी बांधणीची सुई घेतली. सुईच्या टोकाने त्या कोऱ्या जागा मोजायला लागल्या. दोन, दोन, दोन. मग तीन. तुकडा संपत आला की चार, पाच, सात. शेवटच्या आकड्याआधी नऊ.

"अंगठा थरथरत असेल त्यांचा," मी म्हणालो.

"थरथरणारा अंगठा प्रत्येक तुकड्याच्या शेवटीच बरा थरथरतो?"

दुकानाचं दार ओढून, गठ्ठा घेऊन आम्ही म्हाताऱ्याच्या घरी गेलो.

घरात ते एकटेच. बायको जाऊन चार वर्षं झालेली. भिंतीवर तिचा फोटो होता, केस घट्ट बांधलेली, कॅमेऱ्यावर रागावलेली बाई. खिडकीबाहेर पेरूच्या झाडाची सावली फरशीवर इतकी सावकाश सरकत होती की माझे डोळे मिटायला लागले. म्बाहनी आमची, आमच्या दुकानाची, माझ्या रेक्झिनची विचारपूस केली. एका हाताने चहा ओतला, अर्धा बशीत. बू वार्सींनी चहाला हातसुद्धा लावला नाही.

"म्बाह, पुस्तक तुम्हाला आवडलं नाही ना?"

मला चटईखाली शिरावंसं वाटलं.

"तुम्ही एवढे कष्ट घेतलेत..." म्हातारा म्हणाला.

"घेतले. पण आवडलं नाही."

"बांधणी फार सुरेख आहे हो मास जुमादींची."

"बांधणीचं विचारत नाहीये मी." बू वार्सींनी मूळ गठ्ठ्यातलं एक पान त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि पहिल्या आकड्यावर बोट टेकवलं. "गा."

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मग त्यांनी गायला सुरुवात केली, आकड्यांचीच नावं, रो, जी, रो, नेम. बू वार्सींचं बोट कागदावरून चालू लागलं. आकडा आला की आवाज यायचा, कोरी जागा आली की बोट त्या जागेवरून चालत राहायचं आणि म्हातारा थांबायचा. बोट पोचायचं आणि आवाज पोचायचा. शेवटाकडे जागा लांबत गेल्या. दोन आवाजांच्या मधे इतका अवकाश पडला की त्यात पेरूच्या झाडावरची चिमणी उडाली, परत येऊन बसली. तरी धागा तुटला नाही. शेवटच्या आकड्याआधी तिघांपैकी कुणीच श्वास घेतला नसेल. मग आवाज आला, अगदी हळू, आणि खोलीत सगळीकडे पसरून राहिला.

मी चिडका माणूस आहे, पण माझे डोळे भरले. मी धुळीच्या नावाने पुसले.

"टाइप करताना मी गायचो," म्बाह तुगिमान म्हणाले. जीभ जड असल्यामुळे त्यांचे शब्द उशिरा यायचे. "अंगठा आपला आपण थांबायचा. जिथे कागद रिकामा आहे तिथे थांबायचं, बास. बायकांना मी हाताने दाखवत होतो. आता हात राहिला नाही. कसं थांबायचं ते तोंडाने सांगता येत नाही हो. दहा वेळा सांगून बघितलं. वाटलं होतं, कागद सांगेल."

"मग हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"पाक हेंद्रार्तोंनी एवढं मनावर घेतलं होतं. त्यांना कसं सांगणार?"

बू वार्सी झटक्यात उठल्या. दुकानात येऊन त्यांनी जुनी फाइल उघडली. त्यात सगळ्या जागा होत्याच, एकूण एक. कागदावर तेवढ्या उमटल्या नव्हत्या. त्यांनी वर कप्पा उघडायची आज्ञा लिहिली, खाली बंद करायची. एवढंच केलं. पानं बाहेर आली. आकडे सगळे एकाच रुंदीचे, कचेरीतल्या नोटिशीत असतात तसे, आणि मधल्या जागा परत आलेल्या. त्या कप्प्यात यंत्र लांब ओळ मोडतही नाही, त्यामुळे तुकड्यांच्या शेवटच्या ओळी पानाच्या कडेबाहेर निघून गेल्या होत्या. तेवढं मात्र माझं काम होतं. मी पान आडवं घ्यायला सांगितलं आणि शिवण आखूड बाजूला घ्यायची ठरवली.

पाक हेंद्रार्तोंनी ती पानं पाहिली आणि त्यांचा मऊ आवाज जरा खरखरला. "बू, हे काय? यावर संस्थेचं नाव येणार आहे. निदान चार-चारचे गट तरी करा."

"यात आज्ञा चालत नाही, पाक."

"लोक म्हणतील, आम्हाला छापता येत नाही."

"म्बाहनी असंच टाइप केलंय. तुम्ही बसा, मी गाऊन दाखवते."

बू वार्सींचा आवाज चिरका आहे. तरी पाक हेंद्रार्तो बसले, मान खाली घालून दोन तुकडे ऐकले. मग बराच वेळ थांबून म्हणाले, "मला पटतंय. संस्थेला बहुतेक पुढच्या वर्षी जमेल." आणि निघून गेले.

"काय म्हणाले?" मी मुद्दाम विचारलं.

"नाही म्हणाले," बू वार्सी म्हणाल्या. माणूस पन्नाशीतही शिकतो.

मेळातल्या बायका पंधरा होत्या. आम्ही पंधरा प्रती केल्या, संस्थेच्या नावाशिवाय. यंत्र रुसून दोनदा बंद पडलं, आणि आडवी शिवण घालताना माझ्या बोटांची चाळण झाली. मी रोज कटकट केली आणि एकही टाका सैल पडू दिला नाही.

आमच्या बायका जावी पंचांगाप्रमाणे दर पस्तीस दिवसांनी वॉर्डाच्या उघड्या मंडपात वाजवायला जमतात. त्या दिवशी उन्हं कलल्यावर म्बाह तुगिमानना वेताच्या खुर्चीत बसवून आणलं. ढोलकीवर रुमिनी होती, टोफू विकणारी. तीन आठवडे ती ते पुस्तक टोफूच्या गाडीवर उघडं ठेवून हिंडली होती, माझ्या शिवणीला सगळं पाणी लागलं. मागच्या खांबाशी पाक हेंद्रार्तो येऊन उभे राहिले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, आल्याबद्दल कुणी काही विचारलंही नाही.

पहिला तुकडा सुरू झाला. पितळेचे आवाज एकमेकांत मिसळत उन्हात तरंगायला लागले. शेवट जवळ आला तशी रुमिनी पुस्तकात बघत हात आवरत गेली, आणि लय लांबली, आणखी लांबली, म्हातारा लांबवायचा तशी. मोठी घंटा पडायच्या आधी सगळा मंडप क्षणभर कशालाच न टेकता उभा राहिला. मी म्बाहकडे पाहिलं. त्यांचा मेलेला डावा हात मांडीवर पडून होता, पण त्याच्यावरचा खांदा घंटेबरोबर खाली आला. बू वार्सींनी माझा दंड इतका जोरात दाबला की दुसऱ्या दिवशी निळा डाग दिसला.

दुसरा तुकडाही तसाच झाला. तिसरा तुकडा मध्यावर आला आणि रुमिनीने एकदम हात वर धरला. सगळ्या थांबल्या. बाकीच्या बायका हातोड्या हवेत धरून बसल्या. मी पुस्तकात डोकावलो. तिथे अकरा ओळी कोऱ्या होत्या. रुमिनीचं बोट त्यांवरून एकेक करत खाली चाललं होतं. तुळईवर पाल चुकचुकली. रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली, तिचा आवाज पूर्ण विरला. एका बाईचा हात कापायला लागला, पण तिने हातोडी खाली आणली नाही. अकरावी ओळ संपली तेव्हा रुमिनीने थाप दिली आणि सगळ्या एकदम आत शिरल्या.

म्बाह तुगिमान हसत होते. एकाच बाजूने, खांदे हलवत.

तुकडा संपल्यावर रुमिनी घाबरून जवळ आली. "म्बाह, कमी थांबलो का आम्ही?"

"अगं पोरी, तिथे थांबायचंच नव्हतं." त्यांना हसू आवरेना. "त्या दिवशी आमच्या हिने जेवायला हाक मारली. मी म्हटलं, येतो गं. तिने परत मारली. मग उठलोच, नाहीतर तिने मशीनच फेकलं असतं. जेवून आलो तर कुठे होतो तेच आठवेना. म्हणून जागा सोडून पुढे लागलो."

सगळ्या बायका खो खो हसल्या. पाक हेंद्रार्तोही हसले. बू वार्सींचा चेहरा मात्र पडला.

"माझं चुकलं, म्बाह. मी विचारायला हवं होतं. उद्याच काढून टाकते, एका मिनिटाचं काम आहे."

म्हाताऱ्याचं हसू हळूहळू थांबलं. ते काही बोलले नाहीत. बू वार्सी त्यांच्याकडे एकटक बघत होत्या आणि या वेळी त्यांनी त्या गप्प बसण्यातलं काही सोडलं नसावं, कारण त्यांनी स्वतःच मान हलवली आणि म्हणाल्या, "बरं. नाही काढत."

"परत वाजवा तो," म्बाह म्हणाले.

बायकांनी परत सुरुवात केली. तुकडा मध्यावर आला, रुमिनीने हात वर धरला, सगळ्या थांबल्या. या वेळी ती पुस्तकात बघत नव्हती, म्हाताऱ्याकडे बघत होती. म्बाह तुगिमान मान वळवून घराच्या दिशेला कान देऊन बसले होते. उन्हं खांबांवरून सरकत त्यांच्या पायांपर्यंत आली. आम्ही किती वेळ थांबलो कोण जाणे.

"येतो गं," ते पुटपुटले, आणि रुमिनीने ढोलकीवर थाप दिली.